मदत हवी आहे: सिनियर केजीतला मुलगा लिहायला बसत नाही, घरी काय करावं आणि शाळेत काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

मुलाला जूनमध्ये पाच पूर्ण झाली. सिनियर केजीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, म्हणून निवडली. आम्ही दोघंही नोकरीवर, त्यामुळे शाळेतून आला की आजी-आजोबांकडे.

दिवाळीनंतर डायरीत शेरे यायला लागलेत: वर्गातलं लिखाण अपुरं, घरी सराव घ्या. रोज दोन पानं गृहपाठ. एक ते पन्नास आकडे आणि कॅट-मॅट-रॅट छापाचे शब्द, चार रेघांच्या वहीत. पहिली ओळ बरी येते. दुसऱ्या ओळीला पेन्सिल मुठीत जाते. तिसऱ्या ओळीला टोक मोडतं (खरं तर मोडलं जातं!), मग शार्पनर शोधा, पाणी प्या, शू करून या. दीड तासाने मी ओरडते, तो रडतो आणि सासूबाई त्याला उचलून आत नेतात. हाच मुलगा शेजारचं बांधकाम बघत दारात अर्धा-अर्धा तास बसतो आणि रात्री आजोबांना बैजवार सांगतो: आधी वाळू चाळली, मग सिमेंट ओतलं, मधे खड्डा करून पाणी टाकलं.

वर्गात मात्र बोलत नाही म्हणे. बाईंचं म्हणणं, घरी इंग्लिशमध्ये बोला. तेही सुरू केलंय. जेवताना ‘व्हॉट इज धिस? धिस इज आमटी’ असलं काहीतरी चालतं, आणि सासूबाई आपलं ताट घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसतात.

नवरा म्हणतो ट्यूशन लावू. सासरे झेडपीतले निवृत्त शिक्षक, ते म्हणतात पाटी आणा आणि ग म भ न गिरवून घ्या. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. गृहपाठाचं काय करू? घरी कोणती भाषा बोलू? आणि शाळेत जाऊन नेमकं काय विचारतात, म्हणजे बाईंना मी तक्रारखोर वाटणार नाही?

प्रतिसाद: बालवाडीवाली

ताई, आधी सांगा, शर्टाची बटणं त्याची तो लावतो का? एका हाताने पोळीचा घास मोडतो का? बहुतेक घरांत उत्तर येतं, ‘उशीर होतो म्हणून आम्हीच भरवतो’. मग बोटांत जोर यायचा कुठून? दुसऱ्या ओळीला पेन्सिल मुठीत जाते, कारण हात दमतो. टोक मोडतं, कारण बोटांचं काम तो खांद्याच्या ताकदीने रेटतो. हा हट्ट नाही.

त्याला घरातली कामं द्या. मटार सोलणं, गवार मोडणं, कणकेच्या गोळ्या वळणं, दोरीवर चिमटे लावणं, फडकं पिळणं. सासूबाईंना यात पुढे करा, त्यांना हे शिकवावं लागणार नाही. लिहायला पेन्सिलऐवजी खडूचा अगदी छोटा तुकडा द्या, पेराएवढा. तो मुठीत धरताच येत नाही, आपसूक तीन बोटांत जातो. आणि पाटी मांडीवर न ठेवता भिंतीला टांगा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्या फळ्यावर लिहिताना मनगट आपोआप योग्य वळतं. सासऱ्यांचा ग म भ न तिथे बेलाशक चालू द्या. या अक्षरांची वळणं एकमेकांसारखी, म्हणून जुने मास्तर तिथून सुरुवात करायचे. त्यात शहाणपण आहे.

आता ती बांधकामाची हकीकत. ती वाया घालवू नका! तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा. ‘काकांनी वाळू चाळली.’ एवढंच. मग बोट ठेवून त्याला वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी तो ते तुम्हाला ‘वाचून’ दाखवेल. पाठांतरच असेल ते, पण आपण बोललेलं कागदावर बसतं आणि पुन्हा जसंच्या तसं उठवता येतं, हे त्याला उमगेल. मग त्यातला ‘वा’ शोधायला सांगा. वाटी, वारा, वाघ, अजून कोण ‘वा’ने सुरू होतं? हे आवाजांचे खेळ वाचनाचा पाया आहेत. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला, आणि आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. तिथे मुलांना हाताळायला बिया, पानं आणि माती असायची. वर्कशीट नव्हती.

प्रतिसाद: रोखठोक

ऐकायला गोड आहे. पण पहिलीत बाकीची चाळीस मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असतील आणि यांचा मुलगा मटार सोलत बसेल. स्पर्धा आहे, कबूल करा. गृहपाठ चुकवायची सवय लागली की सुटत नाही.

प्रतिसाद: झेडपी_मास्तर

रोखठोक, तुमची भीती मला रोज पालकांच्या तोंडून ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहितो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत सुरू केलं, लहान मुलांना वाचन आणि अंकांचा पाया पक्का मिळावा म्हणून. त्यात बालवाटिकेच्या, म्हणजे ५ ते ६ वर्षांच्या मुलासाठी वर्षअखेरचं लक्ष्य काय? अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, २-३ अक्षरी सोपे शब्द वाचणं, १० पर्यंतच्या संख्या ओळखणं. पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंत. आणि दप्तराचं ओझं कमी करायला केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट म्हटलंय. रोजची दोन पानं कुठल्या हिशेबात बसतात ते तुम्हीच बघा. हे कागद बाईंच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये, आपलं पोरगं मागे आहे ही धास्ती जावी म्हणून सांगतोय.

आकड्यांचं म्हणाल तर पन्नासपर्यंत घडाघडा लिहिणाऱ्या मुलाला ‘सात वाट्या आण’ म्हटलं की तो मूठभर घेऊन येतो, हे मी वर्गात कितीदा पाहिलंय. ताटं मांडताना पाच माणसं, चारच वाट्या, किती कमी? जिना चढताना मोजा. मराठीत मोजा, इंग्रजीत मोजा, गोंधळ होत नाही. (उलट आपले एकोणतीस-एकोणचाळीस मुलांना छळतात. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! मी त्या बदलाच्या बाजूचा, पण तो वाद इथे नको.)

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. घरी मराठीच बोला, आणि भरपूर बोला. वाळू-सिमेंटचा क्रम ज्याला सांगता येतो त्याच्याकडे क्रम, कारण, तपशील सगळं आहे. उद्या त्याला इंग्रजी शब्द मिळाले की हेच तो इंग्रजीत सांगेल. ‘धिस इज आमटी’मध्ये सांगण्यासारखं काय आहे? नवं शैक्षणिक धोरणही जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं काही महिने गप्प असतात. ती ऐकत असतात. इंग्रजी गाणी, गोष्टी घरी जरूर लावा, पण जेवणाचं ताट आजीला परत द्या.

प्रतिसाद: दोन_पोरांची_आई

शाळेत काय विचारायचं त्याबद्दल. गेटवर, पोरं सुटताना विचारू नका. डायरीत लिहून दहा मिनिटांची वेळ मागा. ‘कसा आहे हो आमचा?’ विचारलं की ‘छान आहे, थोडं रायटिंग बघा’ हेच मिळतं. बारीक प्रश्न विचारा. डबा कोणाबरोबर खातो? गोष्ट चालू असताना कुठे बसतो? काय करताना रमतो? सूचना कळतात का, की शेजारच्याचं बघून करतो? आणि घरचा मुलगा त्यांना सांगा. बांधकामाचं त्यांना कुठून माहीत असणार?

मग गृहपाठ. ‘बंद करा’ म्हणू नका, ‘एकच ओळ, नीट, महिनाभर करून बघू का?’ असं विचारा. बाईंवर वरून व्यवस्थापनाचा दाब असतो आणि समोरून आपलाच. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिवस गृहपाठ आला नाही तर सहा जण विचारतात. ट्यूशन कृपया नको. शाळेनंतर त्याला झोप आणि माती हवी.

प्रतिसाद: गप्प_वाचक

कान तपासलेत का? वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साठून काही काळ कमी ऐकू येतं. शांत घरात ते लक्षात येत नाही, गोंगाटाच्या वर्गात अडतं. मागे बसत असेल तर डोळेही दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बाईंना भेटले. एक ओळ मान्य झाली, पण त्यांनी ‘इतर पालकांना सांगू नका’ असं हळूच सांगितलं! गाणी सगळी म्हणतो, हावभावांसकट, हे मला नव्यानेच कळलं. बसतो शेवटच्या रांगेत, उंच आहे म्हणून; आता पुढे घेणार आहेत. सर्दी त्याला कायमचीच, त्यामुळे कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पाटी भिंतीवर लागली. सासरे खडू मोडून देतात आणि नातवापेक्षा जास्त वेळ स्वतःच लिहितात. नवरा ट्यूशनचं अजून सोडत नाहीये.

एक शंका उरली. पुढच्या वर्षी पहिलीला मराठी शाळा बघावी असं आता घरात घाटतंय. एका शाळेत लेखी चाचणी आणि पालकांची मुलाखत घेतात असं ऐकलं. तो तिथे लिहिणार नाही, हे नक्की.

प्रतिसाद: झेडपी_मास्तर

घेता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३: प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायला मनाई आहे. तोंडी सांगत असतील तर लेखी मागा, बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात, त्यात तो बसतो. जन्मदाखला घेऊन जा. आणि प्रवेश अर्ज भरायच्या आधी शाळेचा पहिलीचा वर्ग चालू असताना बघू देतात का, ते विचारा.