मदत हवी आहे : चित्रपट फसलेला, पण मुख्य अभिनेत्री उत्तम, परीक्षणात श्रेय कोणाला द्यावे?

नमस्कार.

एका कौटुंबिक चित्रपटाचे परीक्षण लिहायला घेतले आहे आणि एका मुद्द्यापाशी अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वडिलांच्या मृत्यूनंतर घराच्या वाटणीसाठी भावंडे जमतात, एवढेच कथानक. उत्तरार्धात पटकथा पार ढासळते. दडवलेली चिठ्ठी सापडते, कोणाचे तरी आजारपण उपटते आणि बघता बघता सगळ्यांचे मनोमिलन होते. पार्श्वसंगीत तर प्रत्येक प्रसंगात प्रेक्षकाला रडण्याची आठवण करून देते. मात्र थोरल्या बहिणीचे काम करणारी अभिनेत्री या सगळ्यातून वेगळी उठून दिसते. ‘तू तर इथेच होतीस, तुला काय कळणार’ असे धाकटा भाऊ म्हणतो, तेव्हा ती काहीच बोलत नाही. कपाटाची किल्ली या हातातून त्या हातात घेते आणि विषय बदलून जेवणाचे विचारते. त्या एका प्रसंगात जे साधले आहे, ते पुढच्या तासाभराच्या संवादांना साधलेले नाही.

अडचण अशी की, ‘अभिनय उत्तम, चित्रपट सुमार’ असे लिहिणे सोपे असले तरी ते सिद्ध कसे करायचे? किल्लीची ती हालचाल तिला सुचली, दिग्दर्शकाने सांगितली की पटकथेतच होती, हे पडद्यावरून कळत नाही. शिवाय संकलनाचा प्रश्न आहेच. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी सुमारे 100 वर्षांपूर्वी एकाच निर्विकार चेहऱ्याचे चित्रण सूप, शवपेटी अशा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवले आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला, हा प्रयोग सर्वश्रुत आहे. मग क्लोजअपमध्ये मला जे दिसले, त्यातले तिचे किती आणि संकलकाचे किती?

माझ्यापुरता मी एक निकष लावून पाहिला. चित्रीकरण सहसा कथेच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे व्यक्तिरेखेचा थकवा, आवाजाची पट्टी, चालणे हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुसंगत राहिले असेल, तर त्याचे बरेचसे श्रेय कलाकाराकडे जावे. कट न करता लांबवलेल्या दृश्यांत, विशेषतः ती नुसती ऐकत असते तिथे, हे अधिक खात्रीने म्हणता येते. चिठ्ठी वाचण्याच्या अत्यंत बटबटीत प्रसंगातही ती वाक्ये भरभर, जवळजवळ ओशाळून म्हणते, आणि त्यामुळेच तो प्रसंग सुसह्य होतो. (की दिग्दर्शकालाही तो प्रसंग लवकर संपवायचा होता, देव जाणे.)

तरीही हा निकष पुरेसा वाटत नाही. ‘हिलबिली एलिजी’ या 2020 च्या कौटुंबिक चित्रपटातील एकाच भूमिकेसाठी ग्लेन क्लोज यांना सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकनही मिळाले आणि वाईट कामगिरीला दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्काराचेही. म्हणजे चित्रपटाविषयीची नाराजी अभिनयाच्या मूल्यमापनात नकळत शिरते, किंवा उलट, भोवतालच्या सुमारपणामुळे बरे कामही थोर भासते. माझ्या बाबतीत हे दुसरे झाले आहे का, अशी शंका आहे. कारण बाकीची भावंडे फारच ठोकळेबाज रंगवली आहेत.

ज्यांनी नाटक किंवा चित्रपटात काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : कलाकाराचे स्वतःचे योगदान ओळखण्यासाठी आपण पडद्यावर नेमके काय पाहता? आणि जे नियमित परीक्षणे लिहितात, ते अशा वेळी अभिनयाला स्वतंत्र परिच्छेद देतात, की पटकथेच्या दोषांची चर्चा करतानाच प्रसंगागणिक त्याचा उल्लेख करतात?