जुन्या ५० एमएम लेन्सला घरीच हूड बनवायचाय, लांबी कशी ठरवायची?

अर्धवट_फोकस:
माझ्याकडे जुनी मॅन्युअल ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), फिल्टरचे आटे ५२ एमएमचे, अडॅप्टर लावून एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. लेन्स झकास आहे पण उन्हाची तिरीप बाजूनं आली की फोटो पार फिका पडतो, काळं काळं दिसतच नाही, सगळ्यावर दुधाळ पडदा. हात आडवा धरला की लगेच फरक पडतो. मूळ हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी, बाजूचं ऊन अडवणारी नळी, मिळालाच नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ एमएम किट लेन्सचा पाकळ्यांचा हूड पडून आहे, तो घासून बसवू का सरळ पाईपचा तुकडा लावू? आणि लांबीचा काही हिशोब असतो का सगळं अंदाजपंचे?

पॉलिशपेपर:
किटचा हूड विसरा. तो १८ एमएमच्या रुंद दृश्यात फोटोचे कोपरे काळे पडू नयेत म्हणून आखूड केलेला असतो, ५० ला त्याची सावली पडून न पडल्यासारखीच. शिवाय पाकळ्या काही शोभेच्या नसतात, फ्रेम आयताकृती म्हणून कोपऱ्यांच्या जागी खाच, वर-खाली लांब पाकळी, डाव्या-उजव्या बाजूला आखूड. आट्यांवर फिरवून बसवला तर पाकळी कुठं येऊन थांबेल त्याचा नेम नाही, त्यात बऱ्याच जुन्या लेन्सचं तोंड फोकस करताना गोल फिरतं, मग तर लांब पाकळी थेट कोपऱ्यात. गोलच करा.

हिशोब असा, ५० भागिले १.८ म्हणजे साधारण २८ एमएम, पूर्ण उघडलेलं छिद्र समोरून एवढं दिसतं. तिथून जितकं पुढं जाल तितका हूडचा व्यास वाढायला हवा, आणि किती ते सेन्सरच्या कर्णावर. एपीएस-सीचा कर्ण साधारण २८, त्याला ५० नं भागा, म्हणजे दर १० एमएमला ५.६ एमएम वाढ. फुल फ्रेमचा कर्ण ४३, तिथं ८.७ लागते. म्हणजे तुमचा हूड चांगला खोल चालेल, मूळ मिळाला असता तरी तुम्हाला आखूडच पडला असता. फक्त मोजायचं ते काचेपासून नाही, छिद्र आत जिथं दिसतं तिथून, आणि तिथं पट्टी जात नाही. त्यामुळे आकडे हाताशी ठेवा पण कापायचं कागद लावून बघूनच.

अर्धवट_फोकस:
कागद लावून म्हणजे नक्की कसं?

पॉलिशपेपर:
काळ्या कार्डशीटची नळी, मुद्दाम जास्त लांब, लेन्सच्या बाहेरून गुंडाळून टेप मारा. फोकस इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या टोकाला) ठेवा, बहुतेक लेन्सना तिथंच सगळ्यात जास्त दिसतं. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, कोपरे काळे आले की थोडं कापा, परत काढा. एफ १६ आणि एफ १.८ दोन्हीवर बघा हं, १६ वर काळी कड स्पष्ट येते, १.८ वर कोपरा नुसता हळूच अंधारतो आणि तो दोष लेन्सचा स्वतःचाही असू शकतो, म्हणून एक फोटो नळी काढून घ्या ताडून बघायला. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर सेन्सर हलतो, अजून एक-दोन एमएम कमी करा.

खटपट_चालू:
लांबीच्या मागे सगळे लागतात, आतला काळेपणा कोणी बघतच नाही. पाईप आतून चकचकीत असेल तर तिरका प्रकाश आपटून आतच येणार. मॅट स्प्रेसुद्धा तिरकं धरलं की चमकतो, नळी खिडकीकडे करून आत तिरकं डोकावून बघा, दिसेल. फ्लॉकिंग पेपर लावा, मागे गोंद असलेला काळा मखमली कागद, दुर्बिणवाले नळीत लावतात तो. आधी त्यावर टेप दाबून सुटे तंतू उचलून घ्या नाहीतर ते पुढच्या काचेवर.

आणि बसवायला ५२-६२ स्टेप-अप रिंग, म्हणजे ५२ च्या आट्यांवर बसून पुढं ६२ चे आटे देणारी कडी, तोंड रुंद झालं की लांबी वाढवायला जागा मिळते. पाईप रिंगला एपॉक्सीनं चिकटवा, लेन्सवरून काढून. सुपर ग्लू नको, त्याच्या वाफेचा पांढरा थर काचेवर बसतो.

फिलामेंट_संपलं:
थ्रीडी प्रिंटर असेल तर पाईप कशाला शोधता. फक्त आटे प्रिंट करायच्या नादी लागू नका, ०.७५ एमएम पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असते, नीट येत नाहीत आणि आले तरी लवकर झिजतात. धातूची रिंग वर म्हटलंय तशीच. आणि प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक पीएलए नको, ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, उन्हात बंद गाडीत राहिला की हूडचं केळं. पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरा, आतून आडव्या खाचा द्या, त्याही प्रकाश अडवतात.

उलटतपासणी:
एवढा खटाटोप करण्याआधी अंधारात लेन्समधून टॉर्च मारून बघितलाय का? आत धुकट थर किंवा बुरशी असेल तर हूड लावूनही दुधाळपणा पूर्ण जाणार नाही. आणि सूर्य फ्रेममध्येच असेल तर कुठलाच हूड कामाचा नाही.

अर्धवट_फोकस:
टॉर्च मारला, काच स्वच्छ आहे. कागदाची नळी लेन्सच्या पुढं ३२ एमएम ठेवली तर कोपरे दोन्ही एफवर साफ येतायत. ६२ ची रिंग आणि मखमली कागद मागवतोय. एकच राहिलं, ५२ चं कॅप हूडच्या आत बोटं घालून कसं लावायचं?

खटपट_चालू:
कडेला दाबायचं कॅप असेल तर जमणार नाही, मध्ये चिमटा असलेलं घ्या. पण ते ५२ चं नाही, ६२ चं, कारण आता पुढं रिंगचे आटे आहेत. म्हणून पाईप रिंगच्या आत नको, बाहेरच्या कडेवर चिकटवा, आटे मोकळे राहतील.