मदत हवी आहे: उकाड्यात आमचा पग फार धापा टाकतो

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. घरात चार वर्षांचा पग जातीचा कुत्रा आहे, मोती. (पगाला मोती कोण म्हणतं? आमची आई.) पारा ३४ च्या पुढे जात नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे जीभ बाहेर काढून धापा टाकल्या तरी त्याचं अंग निवत नाही. त्यातून नाक चपटं.

काल दुपारी वीज गेली, पंखा बंद. अर्ध्या तासात लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोक जात होता. ताप मोजला तर ४०.२! एरवी ३८ ते ३९ असतो. नळाच्या पाण्याने पोट, पंजे, जांघा भिजवल्या आणि पुठ्ठ्याने वारा घातला. शेजारच्या काकी बर्फ घेऊन आल्या होत्या, तो लावला नाही. थोड्या वेळाने उतरला, मग डॉक्टरांकडे नेलं. आता बरा आहे.

फिरायला सकाळी सहाच्या आतच नेतो, डांबर तापायच्या आधी.

प्रश्न असा, वीज जाते तेव्हा तुम्ही काय करता? इन्व्हर्टर लगेच परवडणार नाही. थंडावा देणारी चटई कुणी वापरली आहे का, की हा चावून टाकेल? आणि म्हापसा-डिचोली भागात रात्री येणारे पशुवैद्य आहेत का?