जत्रेतलं नाटक तीन कॅमेऱ्यांवर: दिव्यांचे पट्टे आणि सरकणारा आवाज

प्रश्न (फोंडा): देवळाच्या मांडवातलं संगीत नाटक स्थानिक वाहिनीसाठी तीन कॅमेऱ्यांवर घ्यायचंय. चाचणीत एलईडीचे पट्टे दिसतात, तासाभरानं ओठ नि आवाज जुळत नाहीत. काय करावं?

कॅमेरावाला: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिन्ही कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर. एखादा ३० फ्रेम, १/६० वर राहिला की पट्टे आलेच. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) ऑटोवर मुळीच नको, निळा प्रकाश पडला की चेहऱ्यांचा रंग बदलतो. मुख्य दिव्याखाली पांढरा कागद धरा, येईल तो केल्व्हिन आकडा (प्रकाशाच्या रंगछटेचं माप) तिन्हीकडे घाला.

साउंडवाला: रेकॉर्डर आणि कॅमेरा, दोघांची घड्याळं वेगळी, म्हणून आवाज हळूहळू सरकतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला नि शेवटी तिन्ही कॅमेऱ्यांसमोर टाळी वाजवा, एडिटमध्ये अंकागणिक जुळवा. मिक्सरमधून लाइन (माइकपेक्षा जोरकस सिग्नल) घेताना रेकॉर्डरचं इनपुट माइकवर राहिलं तर तबल्याचा पहिलाच ठोका फाटतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही! रेकॉर्डरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास बरी.

कॅमेरावाला: आणि हो, एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. आपल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास मांडवात राहू द्या.