आईला समुपदेशनाला न्यायचंय, पण नेमकं कुणाकडे?

नदीकाठ, कराड
बाबांना जाऊन १४ महिने झाले. आई ६३ वर्षांची, घरात एकटीच असते. दिवाळीत गेले तेव्हा पाहिलं, पहाटे उठून अजून दोन कप चहा टाकते. दुसरा कप निवेपर्यंत समोर ठेवते, मग मोरीत ओतते. भजनी मंडळ सोडलंय, जेवणात लक्ष नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, सायकॅट्रिस्टला दाखवा. आई म्हणते, "मला काय वेड लागलंय?" इथे पाट्या तीन प्रकारच्या दिसतात: मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक. फरक काय? आणि नुसतं बोलून काय होणार? बोलायला तर मी रोज फोन करतेच.

परिचारिका
मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर बिनधास्त विचारा. समुपदेशक या पाटीमागे मात्र एम.ए. करून अनुभव घेतलेले असतात, तसे चार आठवड्यांचा कोर्स केलेलेही. शिक्षण विचारल्याचा राग आला, तर उठून या.

एकटा कोथरूडकर
ताई, "बोलायला मी आहेच" असं माझी मुलगीही म्हणायची. बायको गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली पार्किंगची पावती शोधत होतो. वर आलो तर संपलं होतं. हे मुलीला कसं सांगणार? ती रडली असती आणि मीच तिला समजावत बसलो असतो.

पहिल्या समुपदेशक बाईंनी दहाव्या मिनिटाला "देवाचं करा, मन रमवा" म्हणून मोकळं केलं. पुन्हा गेलो नाही. चार महिने वाया गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या. ५० मिनिटांत त्या फार तर पाच मिनिटं बोलल्या असतील. तिसऱ्या भेटीत पावतीचं निघालं. त्यांनी मला धीर दिला नाही, विचारलं, "पावती सापडली होती का?" सापडली होती. अजून पाकिटात होती. ती काढून टेबलावर ठेवली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडलो. असं १२ वेळा गेलो. झोप उडाली होती म्हणून त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या आणि बोलणं सहा महिने बरोबरीनं चाललं, एकामुळे दुसरं अडलं नाही.

तो चहाचा कप बंद करायला सांगू नका. त्याबद्दल विचारा.

परिचारिका
एक राहिलं. बीपी तपासायचंय असं सांगून फसवून नेऊ नका, विश्वास जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, म्हणजे जिवाला धोका वगैरे नसेल तर आई काय बोलली ते तिच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सांगणार नाहीत. हे तिला आधीच सांगा. तोवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आणि फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. आणि जेवण अगदीच सुटलं किंवा "आता जगून काय करू" असं काही बोलली, तर थांबू नका, थेट मनोविकारतज्ज्ञांकडेच न्या.

नदीकाठ, कराड
काल फोनवर कपाचं विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना साखर कमी लागायची, म्हणून वेगळा करते." आणि पुढे, "त्या बाई तुला खरंच काही सांगणार नाहीत ना?" शनिवारची वेळ घेतलीय.