चॅट्सवर्थ हाउस आणि बाग: ज्येष्ठांसोबत एका दिवसात कसं बघावं?

निवडुंग

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबांना इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ दाखवायचं आहे. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबा तासभर सहज चालतात. आईला सपाटीवर त्रास नाही, पण जिने आणि चढ आले की गुडघे बोलायला लागतात. आमच्याकडे गाडी नाही, शेफिल्डहून निघायचं आहे.

१) नॅशनल ट्रस्टचं (जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं) कार्ड आहे, ते चालेल का?
२) आधी घर बघावं की बाग? घरात किती जिने?
३) कारंजी दिवसभर चालू असतात का?
४) डबा नेला तर बसून खाता येईल का?
५) बाबा रावेरचे, अनेक वर्षं केळीची शेती. कॅव्हेंडिश केळीचं नाव याच घराण्यावरून पडलं असं त्यांनी वाचलंय. तिथे ती केळ बघायला मिळते का?

मुक्काम डर्बीशायर

ताई, कार्ड चालणार नाही. चॅट्सवर्थ नॅशनल ट्रस्टचं नाही. कॅव्हेंडिश घराणं, म्हणजे डेव्हनशरचे ड्यूक (ही सरदारकीची पदवी), आजही तिथे राहतं आणि घर-बागेची व्यवस्था १९८१ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र धर्मादाय न्यास बघतो. तिकीट वेगळं काढावं लागतं. घर आणि बाग असं एकत्र तिकीट मिळतं, नुसत्या बागेचंही मिळतं. घराच्या तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते, म्हणून आधी ऑनलाइन आरक्षण करा. तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण त्या दरीत नेटवर्क कच्चं आहे.

गाडी नसल्याने काही अडत नाही. रेल्वे स्टेशनजवळच्या शेफिल्ड इंटरचेंजवरून बेकवेलला जाणारी २१८ नंबरची बस चॅट्सवर्थवरून जाते, तासाभराच्या आत पोचवते. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. जाण्याआधी परतीची शेवटची बस बघून ठेवा, कारण ती चुकली तर तिथे रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. लंडनहून कोणी येणार असेल तर सेंट पँक्रसहून चेस्टरफील्डला थेट गाडी आहे, दोनेक तासांची, आणि पुढे टॅक्सी.

मेच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा फार गर्दी होते. तुम्ही जूनमध्ये जाताय ते बरं. त्यातही मंगळवार ते गुरुवार यांपैकी दिवस धरा.

डबा खुशाल न्या. बागेत आणि बाहेरच्या पार्कमध्ये बसून खाता येतं, घरात मात्र खाणं-पिणं काही नाही. शेगडी वगैरे पेटवता येत नाही, त्यामुळे चहा थर्मासमधून. चटई किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद हवाच, ऊन असलं तरी हिरवळ सकाळी ओली असते. आईंना खाली बसायचा त्रास असेल तर बाक बरेच आहेत. जूनमध्येही प्रत्येकाजवळ स्वेटर आणि पावसाचं जाकीट असू द्या.

पाटकरी

कारंज्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चॅट्सवर्थची बाग मुळात पाण्यावर उभी आहे. हे समजून गेलात तर १०५ एकरांत काय बघायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरतं.

तिथली ऐतिहासिक कारंजी पंपावर चालत नाहीत. घराच्या पूर्वेला जो उंच, झाडीचा डोंगरउतार दिसतो त्याच्या माथ्यावर तळी आहेत. सगळ्यात महत्त्वाचं एम्परर लेक, साधारण ८ एकरांचं. सहाव्या ड्यूकांच्या काळात त्यांचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी ते खोदून घेतलं आणि माळरानावरचं पाणी अडीच मैलांच्या पाटाने त्यात आणलं. तळं खालच्या एम्परर नावाच्या मुख्य कारंज्यापेक्षा सुमारे ३५० फूट, म्हणजे १०७ मीटर उंच आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब धरला तर खाली १० बारपेक्षा जास्त दाब मिळतो. बिडाच्या जाड नळातल्या घर्षणात त्यातला काही खर्च होतो, उरलेल्यावर एम्पररची धार उडते. तिची नोंदलेली कमाल उंची २९६ फूट, म्हणजे ९० मीटर आहे. १८४४ मध्ये हे काम सहा महिन्यांत उरकलं होतं, रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून. तो आलाच नाही, नाव मात्र राहिलं. याच डोंगरपाण्यावर १८९३ पासून १९३६ पर्यंत घरासाठी वीजही तयार होत होती.

आता तुमच्या कामाचं. तळ्यात असेल तेवढंच पाणी वापरता येतं. कोरडा उन्हाळा असेल तर धार कमी उंच ठेवतात किंवा बंद ठेवतात, जोराच्या वाऱ्यातही तेच. त्यामुळे पूर्ण ९० मीटरची अपेक्षा ठेवू नका, आणि पोचल्यावर दारातच आज कोणती कारंजी किती वाजता चालू आहेत ते विचारा.

बघायची जागा: एम्परर ज्या लांबट तळ्यात आहे त्या कनाल पाँडचं दक्षिण टोक. तिथून घर, पाणी आणि धार एका रेषेत येतात. तोंड उत्तरेकडे असल्याने ऊन पाठीशी राहतं, फोटो करपत नाहीत. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे तुषार ईशान्येला जातात, आणि पश्चिमेच्या काठाने चाललात तर कोरडे राहता. इंद्रधनुष्य बघायचं असेल तर सकाळी लवकर किंवा चारनंतर. जूनमध्ये भर दुपारी सूर्य इतका वर असतो की ते उभं राहत नाही. मुख्य म्हणजे घरापासून इथपर्यंत जवळजवळ सगळी सपाटी आहे, आईंना झेपेल.

कॅस्केड ही पायऱ्यांवरून उतरणारी पाण्याची वाट. १६९६ मधलं काम, ग्रीयेचं. हा फ्रान्सच्या ल नोत्र या बागरचनाकाराच्या हाताखाली शिकलेला. पायऱ्यांचे २४ टप्पे आहेत आणि प्रत्येकाची लांबी, उतार आणि दगडाची घडण वेगळी, म्हणून प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा आवाज बदलतो. खाली पोचलेलं पाणी वाया जात नव्हतं: जमिनीखालच्या नळातून ते दक्षिणेच्या हिरवळीवरच्या सीहॉर्स कारंज्याला, तिथून पश्चिमेच्या बागेतल्या कारंज्याला आणि शेवटी डर्वंट नदीत. एकच पाणी तीनदा कामाला लावलं. अलीकडे मात्र गळतीमुळे कॅस्केडच्या दुरुस्तीचं मोठं काम हाती घेतलेलं आहे, तेव्हा जायच्या आठवड्यात तिथे पाणी आहे का ते बघून घ्या. शेजारची चढण खडी आहे. आईंनी पायथ्याशी बसावं, बाबांनी वरच्या कॅस्केड हाउसपर्यंत जाऊन यावं, तिथून दरी छान दिसते.

जुनी वास्तू

घराबद्दल. बेस ऑफ हार्डविक आणि तिचा नवरा विल्यम कॅव्हेंडिश यांनी १५४९ मध्ये ही जागा घेतली. आज दिसतं ते घर मुख्यतः पहिल्या ड्यूकांनी १६८६ ते १७०७ या काळात एकेक बाजू पाडून नव्याने बांधलेलं, आणि उत्तरेचा लांब भाग १९व्या शतकातला.

मार्ग एकेरी आहे, म्हणजे मागे फिरून एखादी खोली पुन्हा बघता येत नाही. सुरुवातीच्या पेंटेड हॉलमध्येच मोठा जिना लागतो आणि राजेशाही दालनं अगदी वरच्या मजल्यावर आहेत. लिफ्ट आहे. पण आणीबाणीत खाली आणायची सोय बघून व्हीलचेअर मोजक्याच आत घेतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी फोन करून ‘जिने चढता येत नाहीत’ असं स्पष्ट सांगा. ऐन वेळी सांगितलं तर थांबावं लागू शकतं. दीड तास धरा. खोल्यांत कर्मचारी असतात, आई दमल्या तर बसायला कुठे मिळेल ते त्यांना विचारा.

आत अंधार वाटेल. दिवे वाचवायला नाही. रेशीम, गालिचे, जलरंग यांच्यावर पडणारा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवायचा हा सर्वच जुन्या वास्तूंचा नेम आहे, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणून फ्लॅश बंद. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगतात, वळताना ती वस्तूंना लागते. टोकदार टाचांची चप्पल नको, तेवढ्याशा टाचेवर सगळा भार येऊन लाकडी जमिनीला खड्डे पडतात. पायात जुने, मऊ तळव्याचे बूट सगळ्यात बरे.

तीन गोष्टी चुकवू नका. स्टेट म्यूझिक रूममध्ये अर्धवट उघड्या दारामागे खुंटीला टांगलेलं व्हायोलिन दिसेल. ते खरं नाही, रंगवलेलं चित्र आहे, यान व्हान डर वार्ट या चित्रकाराचं. चार-पाच पावलं लांबूनच बघा, फसगत लांबूनच नीट होते. दुसरं चॅपल, म्हणजे घरातलं प्रार्थनागृह, १६८८ ते १६९३ मधलं, फारसं बदललेलं नाही. तिसरं शेवटाकडचं शिल्पदालन, तिथे शिल्पकार कानोव्हाचा झोपलेला एंडिमियन (ग्रीक पुराणकथेतला तरुण) आहे. उजेड छतातून येतो, म्हणून ढगाळ दिवशीही संगमरवर सुंदर दिसतो.

माझं मत: पहिल्या वेळेचं तिकीट घेऊन घर आधी. गर्दी कमी, पाय ताजे.

पाटकरी

कोरड्या दिवशी ठीक. पण दुपारनंतर पावसाचा अंदाज असेल तर उलट करा, बाग आधी. त्यासाठी घराची वेळ दुपारची घेतलेली असावी लागते, म्हणून आरक्षण करण्याआधी हवामान बघणं उत्तम. आणि वारा साधारणपणे सकाळी कमी असतो, त्यामुळे एम्पररची धार सरळ उडण्याची शक्यताही सकाळीच जास्त.

हिरवा अंगठा

केळीचं उत्तर देते. हो, तुमच्या वडिलांनी वाचलेलं खरं आहे. मॉरिशसहून इंग्लंडला आलेल्या रोपांपैकी एक पॅक्स्टननी १८३०च्या सुमारास मिळवलं आणि चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं. ते नोव्हेंबर १८३५ मध्ये फुललं आणि घड धरला. पॅक्स्टननी ड्यूकांच्या आडनावावरून त्याला ‘म्युसा कॅव्हेंडिशी’ नाव दिलं. जात मूळची दक्षिण चीनकडची. इथलीच रोपं पुढे मिशनऱ्यांमार्फत सामोआला गेली. जळगाव पट्ट्यातली बसराई म्हणजे ड्वार्फ कॅव्हेंडिश, आणि ग्रँड नैनही त्याच गटातली. जळगावची केळ चॅट्सवर्थहून आली असं मात्र म्हणता येत नाही, नाव तेवढं तिथलं.

तिथे उष्ण कटिबंधातली झाडं १९७०च्या डिस्प्ले ग्रीनहाउसमध्ये असतात, तीन वेगवेगळ्या हवामानांचे कप्पे आहेत. ते रोज सगळ्यांना खुलं असेलच असं नाही. घराला फोन कराल तेव्हाच हेही विचारा, आणि वडील केळीचे शेतकरी आहेत हे आवर्जून सांगा.

मूळ भव्य काचघर, ग्रेट कॉन्झर्व्हेटरी, आता नाही. ते १८४० मध्ये पुरं झालं: २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच. आठ बॉयलर, सुमारे ७ मैल नळ. बाहेर धूर दिसू नये म्हणून कोळसा भुयारातून यायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसं दोन्ही मिळेनात, झाडं गारठून मेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडलं. त्या जागी १९६२ मध्ये १,२०९ यू झाडांचा भूलभुलैया लावला आहे. पाया अजून दिसतो, त्यावरून आकाराचा अंदाज येतो. केळीच्या माणसाला ही जागा दाखवायलाच हवी.

आणखी एक भारताचा धागा. पॅक्स्टनच्या हाताखालचा तरुण माळी जॉन गिब्सन १८३५ मध्ये भारतात आला, खासी टेकड्यांतून ढीगभर ऑर्किड गोळा करून १८३७ मध्ये परतला. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून त्याने ॲम्हर्स्टिया नेली. ते झाड चॅट्सवर्थला जगलं, पण फुललं नाही. इंग्लंडमधला त्याचा पहिला बहर १८४९ मध्ये दुसऱ्याच बागेत, ईलिंगला आला.

जूनच्या सुरुवातीला ऱ्होडोडेंड्रॉन अजून फुललेले असतात, वरच्या झाडीत आणि रॉकरीच्या, म्हणजे रचलेल्या खडकांच्या बागेच्या, बाजूला. रॉकरीतल्या वाटा खडबडीत, आईंनी कडेने जावं.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. घर सकाळच्या पहिल्या वेळेला, मग कनाल पाँडपाशी डबा, नंतर भूलभुलैयाची जागा असं ठरवते. संध्याकाळी वेळ उरला तर जवळ आणखी काही?

मुक्काम डर्बीशायर

पार्कमधून पायवाटेने एडन्सर गाव. १८३०च्या दशकात ड्यूकांनी जुनं गाव बरंचसं हलवून ते पॅक्स्टनच्या देखरेखीखाली नव्याने वसवलं, जवळजवळ प्रत्येक घर वेगळ्या शैलीचं. पॅक्स्टनची समाधी तिथल्या चर्चच्या आवारात आहे. पार्कात जायला तिकीट लागत नाही, पण वाट नदीपासून चढाची आहे आणि मेंढ्यांच्या लेंड्यांमुळे पावसात घसरते. आईंसाठी बसचा थांबा गावापाशी आहे का ते वेळापत्रकात बघा, म्हणजे चालावं लागणार नाही. नॅशनल ट्रस्टचं कार्ड वापरायचं असेल तर दुसऱ्या दिवशी हार्डविक हॉल करा. त्याच बेसने १५९०च्या दशकात बांधलेलं, भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त. तिथे मात्र बसने जाणं अवघड, चेस्टरफील्डहून टॅक्सी आधी ठरवून ठेवा.