गुलमर्ग: मुलांसह स्कीइंगचा पहिला दिवस कसा आखावा?

प्रश्न – नाशिककर_चौघे

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला जातोय. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. चौघांपैकी कुणीही आजवर स्की पायात घातलेली नाही. श्रीनगरहून सकाळी निघून १२ पर्यंत पोचायचा बेत आहे. त्याच दुपारी सुरुवात करावी का? भाड्याचं सामान घेताना नेमकं काय बघायचं? आणि गोंडोलाने (केबल कारने) वर जाऊन तिथून स्कीवर खाली येणं पहिल्या दिवशी जमेल का? हॉटेलवाले जमेल म्हणतात.

उत्तर १ – हिमवाट

नाही जमणार. हॉटेलवाले काहीही म्हणोत, मुलांना घेऊन हा प्रयोग करू नका. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, सुमारे ३,०५० मीटरवर. तिथून स्कीवर उतरायचं तर हवं तिथे वळता आणि थांबता यायला पाहिजे. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे जातो. तिथले उतार यंत्राने दाबून सारखे केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. शिकाऊ माणसाचं तिथे काही काम नाही. गोंडोलात बसायचंच असेल तर नंतर एखाद्या दिवशी, स्की न घेता. तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा.

१२ ची वेळही धरून चालू नका. टंगमर्गच्या पुढचा १३ किलोमीटरचा घाट ताजा बर्फ पडला की चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच चढता येतो, म्हणजे गाडी बदलणं आलं. गुलमर्गची उंची २,६५० मीटर. पोचल्यावर मुलांचं डोकं दुखू शकतं, भूक मंदावते. त्या दुपारी बूट मापून घ्या, थोडं बर्फात चालवा, पाणी पाजत राहा. खरा पहिला दिवस दुसऱ्या सकाळी.

एक आठवण: महाराष्ट्राचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं.

उत्तर २ – बकल_बाइंडिंग

सामानाबद्दल लिहितो. पहिला दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा बुटामुळे.

घरीच प्रत्येकाचं पाऊल मोजा: टाच भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि अंगठ्याच्या टोकापर्यंतचे सेंटिमीटर घ्यायचे. स्की-बुटाचं माप याच आकड्यात असतं. २४ सेंमी पाऊल असेल तर २४ किंवा २४.५ मागा. "बर्फात पाय आखडतात, एक नंबर मोठा घ्या" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बूट सैल असला की टाच आत उचलली जाते, तुम्ही पाय वळवता आणि स्की वळतच नाही.

मोजा एकच, गुडघ्याखालपर्यंत येणारा. दोन मोजे घातले की चुण्या पडतात, पाय दबतो आणि उलट जास्त गारठतो. थर्मलचा पायचा बुटात जाता कामा नये, नडगीवर तासाभरात वळ उठतो. बूट घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. मग घोट्यावरची बकलं आवळा, त्यानंतर नडगीवरची, आणि बोटांवरची नुसती अडकवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे पुढे वाकवले की मागे सरकावीत. असं झालं तर माप बरोबर आहे.

नवशिक्या मोठ्यांना हनुवटीपर्यंत येणारी स्की पुरते, ७ वर्षांच्या मुलाला छाती ते हनुवटीच्या मधली. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याचा, स्क्रू दुकानदाराने तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघूनच लावायचा. ती लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते. वजन कमी सांगू नका आणि मुलाचं अंदाजाने सांगू नका. स्क्रू घट्ट राहिला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. आधीच्या गिऱ्हाइकाचं सेटिंग तसंच देत असतील तर ती जोडी घेऊ नका. हेल्मेट चौघांनाही.

उत्तर ३ – उतारावरची_ताई

सकाळी गावाजवळच्या छोट्या उतारावर जा, जिथे ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला वर ओढून नेणाऱ्या लिफ्ट, आहेत. प्रशिक्षक ठरवताना आधीच विचारा: किती तास, किती जण, लिफ्टचं तिकीट धरून की वेगळं? सात वर्षांच्या मुलाला दीड-दोन तासांपेक्षा जास्त ताणू नका.

क्रम असा: आधी सपाटीवर एकाच पायात स्की, मग दोन्ही. मग आडवं पावलापावलाने वर चढणं. मग जिथे स्की आपोआप थांबते अशा उतारावर सरळ घसरणं. शेवटी स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि मागच्या बाजू बाहेर ढकलून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. टोकांमध्ये मुठीएवढं अंतर ठेवा, नाहीतर एकमेकांवर चढून तोंडावर पाडतात. घाबरून मागे कललात की स्की वेग घेते. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली राहिली पाहिजे, मुलांना एवढंच सारखं सांगा.

बूट बाइंडिंगमध्ये बसत नसेल तर जोर लावू नका, तळव्याला बर्फ चिकटलेला असतो. तो खरवडून काढा. पडलात तर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला घ्या, मग उठा. ड्रॅग लिफ्टवर बसायचं नसतं. उभं राहायचं, स्की समांतर ठेवायच्या आणि तिला ओढू द्यायचं.

नाशिककर_चौघे

मनापासून आभार. बूट आदल्या दिवशीच मापतो. काठ्या घ्यायच्या का? आणि मुलांना जीन्स चालेल?

उतारावरची_ताई

मुलांना पहिल्या दिवशी काठ्या नकोत. हात त्यातच गुंततात आणि लक्ष पायांवरून उडतं. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही आणि मूल कुडकुडतं. थर्मल, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ पँट-जॅकेट. ही पँट मात्र बुटाच्या बाहेरून घ्यायची, म्हणजे बर्फ आत जात नाही. लोकरीचे हातमोजे पाणी पितात, धाकट्याला बोटं एकत्र राहणारे वॉटरप्रूफ मोजे द्या आणि एक जोडी जादा ठेवा. ढगाळ असलं तरी गॉगल आणि एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावाच. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा, बर्फावरून ऊन खालून वर येतं.